गलीनाच्या अंगणातलं गूळ-पाणी

खरं तर मी जाणारच नव्हते. सप्टेंबरच्या सुरुवातीला येणाऱ्या लेबर डेच्या वीकेंडला पाऊस दाखवत होते, गाडीचे टायर जुने झाले होते आणि आईचं परतीचं विमान नऊ दिवसांवर आलं होतं. मला काळजी करायला एवढं पुरतं. पण कुंदाकाकूंचा फोन आला, "या शनिवारी ये, नाहीतर डायरेक्ट पुढच्या वर्षी. सगळे निघायच्या तयारीत आहेत."

सगळे म्हणजे हमिंगबर्ड. काकू आमच्या नेपरव्हिलच्या मराठी मंडळातल्या. रिटायर झाल्यावर त्यांनी इलिनॉयच्या टोकाला गलीना गावाजवळ, जंगलाला लागून घर घेतलं. मी तीन वर्षं या पक्ष्याच्या एका धड फोटोसाठी जीव टाकतेय आणि माझ्या साखरपाण्याच्या फीडरवर फक्त मुंग्या येतात. नवरा ऑफिसच्या रिलीजमध्ये अडकला होता, म्हणून मी आणि आई अशा दोघीच निघालो.

नेपरव्हिलहून साधारण पावणेतीन तास लागतात. रॉकफर्डपर्यंत सरळ हायवे आहे. गॅस, म्हणजे पेट्रोल, तिथेच भरून घ्या. पुढे वीस नंबरचा रस्ता टेकड्यांवरून वर-खाली जातो, बराचसा एकाच लेनचा. मागे ट्रक लागला की माझे तळहात घामेजतात. आई शेजारी बसून दशमीला लसणाची चटणी लावत होती. "त्याला घाई असेल तर तो जाईल पुढे," ती म्हणाली. वाटेत शेतावरच्या टपरीवर ताजी कणसं मिळाली, ती काकूंसाठी घेतली. शिकागोच्या डेव्हनवरच्या देशी दुकानातून आणलेली गुळाची ढेप तर आईने आधीच बांधून घेतली होती.

पोचल्या पोचल्या काकूंनी अंगण दाखवलं. लाल झाकणाच्या काचेच्या बाटलीचा फीडर मेपलच्या सावलीत टांगलेला आणि त्याच्यापासून दोन हातांवर एक वाळकी काटकी बांधलेली. पक्षी पिण्याआधी तिथे क्षणभर टेकतो, म्हणून कॅमेऱ्याचा फोकस काटकीवर लावून ठेवायचा. शटर स्पीड दोन हजारांच्या वर ठेवायचा, फ्लॅश बंद. एवढ्यात बोटभर आकाराची एक मादी आली. तिच्या डोक्यावर एक पांढरं पीस होतं.

"हिचं हे तिसरं वर्ष," काकू म्हणाल्या. "तुझे काका गेले ना, त्या समरला पहिल्यांदा आली. आता मेक्सिकोकडे जाईल. मध्ये समुद्र लागतो, तो एका दमात ओलांडतात काही जण."

आई मान वर करून तिच्याकडे बघत होती.

रविवारी सकाळी काकू भाजी आणायला नदीपलीकडे डब्यूकला गेल्या. जाताना सांगून गेल्या, "फीडर रिकामा आहे, भराल का? एक वाटी साखर, चार वाट्या पाणी." आई म्हणाली, मी करते. मी ट्रायपॉड लावत बसले.

पांढऱ्या पिसाची नवाच्या सुमारास आली. काटकीवर टेकली, मग फीडरवर गेली आणि चांगली पोटभर प्यायली. मी श्वास रोखून चाळीसेक फोटो काढले. त्यातला एक तर असा होता की पंखाचं प्रत्येक पीस मोजून घ्यावं. शार्पनेस बघायला मी तो मोठा केला आणि मला बाटलीतलं पाणी दिसलं. ते फिक्या चहाच्या रंगाचं होतं.

"आई, साखर कुठली घातलीस?"

"साखर कुठे, गूळ घातला. एवढ्या लांब निघालेल्या जिवाला साखरेचं पाणी देतात का कोणी? गूळ-पाणी दिलं."

फोनवर शोधलं तर सगळीकडे तेच. फक्त पांढरी साखर. गूळ, मध अजिबात नाही, गुळातलं लोह या पक्ष्यांना बाधतं. फीडर उतरवला, गरम पाण्याने तीनदा धुतला, साखरेचं पाणी करून, गार करून भरला. एकही पक्षी फिरकला नाही.

"काकूंना सांगायचं नाही," मी म्हणाले. "फीडर धुतलाय, त्यांना कळणार नाही."

आई माझ्याकडे बघत राहिली. मला तिची नजर आवडली नाही.

काकू अकराला आल्या. त्यांच्या हातातल्या पिशव्या खाली ठेवायच्या आत आईने सांगून टाकलं. "ताई, माझ्याकडून चूक झाली. तुमच्या पाखराला मी गूळ दिला."

काकू खुर्चीत बसल्या. "कोणी प्यायलं?"

"पांढऱ्या पिसाची," आई म्हणाली. मी ट्रायपॉडचे पाय मिटायला लागले.

"एकदा प्यायल्याने काही होत नसावं," काकू म्हणाल्या. "आय होप सो." मग उठून त्यांनी कणसं सोलायला घेतली आणि आई त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

संध्याकाळी इतर पक्षी आले. ती आली नाही. सोमवारी दहापर्यंत आम्ही तिघी खिडकीत बसून होतो. मग निघालो. परतीच्या वाटेवर ट्रक मागे लागले असतील, मला एकही आठवत नाही.

दोन आठवड्यांनी काकूंचा मेसेज आला, थंडी पडली आणि फीडर ओस पडला. पांढऱ्या पिसाबद्दल त्यांनी काही लिहिलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही.

तिकडे जाणार असाल तर लेबर डेच्या आसपास जा, आणि साखर पांढरीच घ्या. फोटो मात्र या पोस्टमध्ये नाही. माझा आजवरचा सर्वांत चांगला फोटो आहे तो, पण उघडला की आधी बाटलीच दिसते. त्या सकाळी मला भीती होती ती काकूंना कळण्याची. आईला भीती होती पक्ष्याला काही होण्याची. हे मला कळलं तेव्हा लाज वाटली, अजून वाटते.

आता आई सांगलीहून रविवारी फोन करते. तब्येत, पाऊस, शेजारपाजार सगळं झालं की हळूच विचारते, "पोचली असेल का गं ती?"

हो म्हणणं किती सोपं आहे. मी म्हणते, "माहीत नाही, आई."