वाहून आलेली कलिंगडं

सांगलीत आमची आळी घाटाला लागून होती. घाटाला एकूण पंचेचाळीस पायऱ्या. उन्हाळ्यात त्यांतल्या चाळीस कोरड्या असत आणि पलीकडे, दोन धारांच्या मधे, वाळूचं एक लांबट बेट उघडं पडे. त्या वाळूमुळे आळीत कोणाला कसली घाई नव्हती. आंघोळीला गेलेला माणूस नऊच्या आत परतला तर त्याला ताप आला असावा असं समजत. संध्याकाळी सगळी आळी गुडघाभर पाणी ओलांडून बेटावर जाई, चुरमुरे-शेंगा खाई आणि अंधार पडला की परते.

ही धरणं व्हायच्या आधीची, लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी शाळेत गणित शिकवत असे. सुट्टी होती, म्हणून रोज सकाळी किती पायऱ्या कोरड्या आहेत ते पाहून घाटावरच्या मंडळींना सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं. ते मी चोख करी. पाणी दोन बोटं चढलं तर दोन, तीन चढलं तर तीन. अंदाजाने मी कधी सांगितलं नाही.

आळीचा एक नियम होता. नदीतून वाहत येईल ते, जो धरील त्याचं. ओंडका असो, घागर असो, एकदा तर जिवंत शेळी आली होती. मालक मागून आला तरी मागत नसे. मात्र काठावरच्या वस्तूला कोणी हात लावत नसे. आम्ही चोर नव्हतो.

त्या वर्षी बेटावर माणदेशातल्या एका बाईनं कलिंगडं लावली. तिचा नवरा पलटणीत गेला तो परत आला नव्हता. वाळूत खड्डे काढून, शेणखत भरून, डोक्यावर पाणी वाहून तिनं वेल वाढवले. तिथेच कुडाची खोपटी बांधून ती राही. हे एक पीक हाती लागलं तर सांगलीत राहायचं, नाहीतर दिराकडे परत जायचं, असं तिचं ठरलं होतं. ती ते लपवत नसे. "दिराच्या चुलीपुढं वाटी धरून बसायचं न्हाई आता," असं ती घाटावर सगळ्यांसमोर म्हणाली होती. त्या दिवसापासून मंडळी तिला राणीसाहेब म्हणू लागली.

"राणीसाहेब, आज राज्यात काय पिकलं?" घाटावरचे एक वृद्ध पेन्शनर रोज विचारत.

"तुमास्नी इकत घेतल्याबिगर कळायचं न्हाई, काका," ती म्हणे. हे मंडळींना आवडत नसे. तिनं हसून गप्प बसावं अशी अपेक्षा होती.

मे संपत आला तेव्हा मी सहज मोजली. काढायला आलेली कलिंगडं एकशे बहात्तर होती. दोन दिवसांवर बाजार होता, तोवर गोडी भरावी म्हणून तिनं ती वेलीवरच ठेवली होती. सकाळी सातला ती माझ्याकडे आली.

"दादा, मी हरिपुराला जाती, बैलगाडी ठरवाय. पान्यावर जरा नजर ठेवा. चढलं तर निरोप धाडा, मी पळत येती."

मी बरं म्हणालो.

आठ वाजता पाणी दोन बोटं चढलं होतं. रंग तांबूस, वर फेस. आमच्याकडे आभाळ कोरडं होतं, पण वर महाबळेश्वराकडे कोसळला असणार. मी मंडळींना आकडा सांगितला. पेन्शनरांनी बेटाकडे पाहिलं आणि तपकिरीची चिमूट ओढली.

"दहापर्यंत किती होईल?"

"असंच चढलं तर एक पायरी. बारापर्यंत बेट जाईल."

"निरोप धाडायचा काय कोणी?" एकानं विचारलं.

"हरिपूर लांब आहे," दुसरा म्हणाला. ते लांब नव्हतं. तासाभरात माणूस जाऊन तिला घेऊन आला असता. सहा जणांनी वेलीवरून काढायची म्हटली, तर दीड तासात सगळी कलिंगडं घाटावर आली असती. हा हिशेब मीच त्यांना करून सांगितला.

"मास्तर, काढायची कशी?" पेन्शनर म्हणाले. "दुसऱ्याच्या वेलीला हात लावायचा? ती चोरी झाली."

सगळे हसले. मीही हसलो. मग दोघे घरी जाऊन पोहायचे सुके भोपळे घेऊन आले. कमरेला बांधून ते खालच्या पायरीवर बसले आणि वाट पाहू लागले. बायका टोपल्या घेऊन आल्या. दहा वाजता एक पायरी बुडाली. साडेअकराला पाणी वेलांत शिरलं, आणि पहिलं कलिंगड देठापासून सुटून गरगरत आलं तेव्हा घाटावर टाळ्या पडल्या. त्यानंतर ती एकामागून एक आली. आळीनं एकशे एकतीस धरली, बाकीची पुढे गेली. माझ्या घरी चार आली.

ती तीनच्या सुमाराला आली. वर रस्त्यावर बैलगाडी उभी होती. बेट नव्हतं, खोपटीचा शेंडा तेवढा पाण्यावर होता. घाटावर जागोजागी कलिंगडं फोडून लोक खात बसले होते.

"ही माजी हायती," ती म्हणाली.

"वेलीवर होती तोवर तुझी," पेन्शनर म्हणाले. "आता कृष्णामाईनं आम्हाला दिली. घ्या राणीसाहेब, एक फोड घ्या. विकत नाही, फुकट आहे."

त्यांनी फोड पुढे धरली. तिनं ती घेतली नाही. ती माझ्याकडे वळली.

"दादा, पानी कवा चढलं?"

"आठला दोन बोटं," मी म्हणालो. "दहाला एक पायरी."

"म्हंजे आठला तुमास्नी ठावं हुतं."

"हो."

मी खोटं बोललो नाही. ती रडेल, शिव्या देईल, असं मंडळींना वाटत होतं, आणि ते ऐकायला सगळे सरसावून बसले होते. ती रडली नाही. तिनं पदर पसरला, खाली बसली आणि लोकांनी थुंकलेल्या बिया पायऱ्यांवरून वेचू लागली.

"आता बी कुठं लावणार गं?" एक बाई म्हणाली. "तुझ्या गावात प्यायला पाणी न्हाई."

"लावाय न्हाई, बाई. भाजून खात्यात. हात हलवत गेली तर जाऊबाई दारात घ्यायची न्हाई."

पेन्शनरांनी तोंडातली बी नेम धरून तिच्या पदरात थुंकली. पुन्हा हशा झाला. तिनं मान वर केली नाही, एकेक पायरी सरकत राहिली. मी बसलो होतो त्या पायरीवर ती आली. चार-पाच बिया माझ्या पायाखाली होत्या.

मी पाय उचलला.