घोड्याच्या नालेची अंगठी

डाव्या पायातली चप्पल वाटेत कधी निसटते हे मला कळेनासं झालं, तेव्हाही देवावरचा माझा विश्वास होता तेवढाच होता, म्हणजे बेताचाच. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. देवळात जायचो ते बायकोच्या सोबतीला. ती आत, मी बाहेर चपला सांभाळत. कण्यात शीर दबली असावी, एमआरआय करून आज संध्याकाळीच दाखवा, उशीर झाला तर पाय असाच राहील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. धारूरहून अंबाजोगाईला निघताना मी एवढंच ठरवलं, की आज फोटो काढल्याशिवाय परतायचं नाही.

वाटेत हिने योगेश्वरीच्या देवळापाशी रिक्षा थांबवली आणि आतून आणलेला लाल नाडा माझ्या मनगटाला बांधला. "ह्यानं शीर मोकळी होती का?" मी विचारलं. "तुमी गप बसा," ती म्हणाली.

सेंटरवर चष्मा, घड्याळ, पट्टा, कवळी सगळं हिच्या पिशवीत गेलं. मग मशीनवरच्या मुलीचं लक्ष माझ्या मधल्या बोटाकडे गेलं. मागल्या वर्षी गावात एक महाराज आले होते. मागेपुढे तीन गाड्या, चौकात त्यांच्याहून मोठा फ्लेक्स. त्यांनी माझी साडेसाती शोधून काढली आणि त्यावर घोड्याच्या नालेची अंगठी दिली. घरात शांतता राहावी म्हणून मी ती घातली. तिच्याकडे बोट दाखवत मुलगी म्हणाली, "आजोबा, हे लोखंड हाय. आतलं मशीन म्हणजे मोठा लोहचुंबक. हे काढल्याबिगर न्हाई जाता येणार." लोहचुंबकाचा धडा मी किती वर्गांना शिकवला असेल! साबण लावला, तेल लावलं. ओढून ओढून बोट वांग्यासारखं सुजलं. शनी एकवेळ सुटेल, ही अंगठी सुटणार नाही, अशी लक्षणं दिसू लागली. मुलगी म्हणाली, "पुढचा पेशंट घेते. तोवर निघाली तर ठीक, न्हाई तर सोमवारी या." सोमवारपर्यंत पाय थांबणार नव्हता. मी पुन्हा ओढू लागलो.

शेजारच्या बाकावर आपल्या आईला घेऊन एक माणूस बसला होता. नांदूरघाटचा, विहिरीवरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देणारा. अन्सारभाई नाव त्याने नंतर सांगितलं. बराच वेळ तो माझी झटापट बघत होता. "मामा, कावून छळताव बोटाला? दोरा हाय का?" दोरा कुठला असणार? मग त्याची नजर माझ्या मनगटावर गेली. हिने नाडा सोडून त्याच्या हातात दिला. त्याने त्यातला एक पदर उसवला, टोक अंगठीखालून सरकवलं आणि मोटारीत तार भरावी तसे वेढ्याला वेढा लावत सांधा आवळून टाकला. "आता हात सैल सोडा. तुमी जोर लावू नका, तुमचाच जोर आडवा येतोय." मी हात सोडला. तो खालून दोरा उलगडत गेला आणि एकेका वेढ्यावरून अंगठी वर सरकत बाहेर आली. "मोटारीला ह्याचं वायसर बरं होईल," तो म्हणाला. मी ती त्यालाच दिली.

आत सरळ झोपल्यावर कळ थेट टाचेपर्यंत गेली. हललो तर फोटो बिघडणार होता. कानाशी लोहाराचं दुकान उघडल्यासारखी ठणठण सुरू झाली. मी ओठ आवळून अंग ताठ धरलं, तशी कळ वाढली. तेव्हा अन्सारभाईचं बोलणं आठवलं. मागायची सवय नव्हती, म्हणून देवीकडे काही मागितलं नाही. फक्त मनात म्हटलं, आई, माझा जोर मी सोडला; आता तुझा. अंग सैल पडलं. कळ होतीच, पण मी हललो नाही. बाहेर आलो तेव्हा मुलगी म्हणाली, "आजोबा, एक बी फोटो हालला न्हाई."

संध्याकाळी डॉक्टरांनी फोटो पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन केलं. याला चमत्कार म्हणावं का, ते मला ठरवता आलेलं नाही, आणि ठरवायची घाईही नाही. नाड्याचे उरलेले पदर हिने पुन्हा बांधले, ते अजून मनगटावर आहेत. परवा आम्ही दोघं योगेश्वरीला गेलो. पायरीशी डावी चप्पल काढताना ती पायातून सुटल्याचं मला नीट कळलं. मी ती हिच्या चपलांशेजारी ठेवली आणि हिच्या मागोमाग आत गेलो. चपला सांभाळायला बाहेर कुणीच नव्हतं.