तीन भिंतींचं घर

मंगळवारी सकाळी क्लिनिकचं दार उघडलं आणि बाहेर चक्क ‘ते’ उभे... लहानपणी दर आठवड्याला टीव्हीवरच्या मालिकेत बघितलेले बाबा!

पुण्यात कर्वेनगरला माझं कानाच्या मशीनचं छोटंसं क्लिनिक आहे. तिथे हे जोडपं येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. मालिकेतले नवरा-बायको, खरेही नवरा-बायको, आणि त्यातली चिमुरडी म्हणजे त्यांचीच मुलगी. मालिका लिहायचेही हे ‘बाबा’, म्हणजे काकाच. त्या दोघांची भांडणं बघून आमची अख्खी चाळ हसायची.

आता काका ऐंशीच्या घरात, काकू थोड्या वाकलेल्या. सोबत आलेल्या त्या चिमुरडीचे, म्हणजे ताईंचेही केस पांढरे व्हायला लागलेत. (नावं लिहीत नाही... ताईंनी त्याच अटीवर लिहायला परवानगी दिलीय.)

काकांचे कान तपासले. बरंच कमी ऐकू येत होतं. कॉम्प्युटरवर त्यांचं मशीन सेट करता करता मी उत्साहाने बोलत सुटले, "काकू, तुमची मालिका लागली की आमच्या आई-बाबांचं भांडण मिटायचं. आई म्हणायची, संसार असावा तर असा!"

काकू पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "अहो, पहिला भाग लागला तेव्हा आमचा घटस्फोट झालेला होता."

मला वाटलं, विनोद असेल. मी हसले... दुसरं कुणीच हसलं नाही.

"खरंय," ताई म्हणाल्या. "मी आईबरोबर विश्रांतवाडीला, बाबा इकडे. दोघं एकत्र दिसायचे ते फक्त शूटिंगला. सेटवर तीन भिंतींचं घर होतं, त्यात जेवायचं टेबल. पॅकअप झालं की मी त्या टेबलाखाली जाऊन बसायचे. बाहेरच यायचे नाही."



काकू म्हणाल्या, "आधी कबूल केलेले थोडे भाग झाले की मालिका बंद करायचं आमचं ठरलं होतं. ह्यांना माझं तोंड बघवत नव्हतं, आणि मला नाटकाचे दौरे मिळत होते. पण पोरगी टेबलाखाली... मग ह्यांनी पुढचे भाग लिहायला घेतले. मी दौरे सोडले."

"आणि... ती भांडणं?" मी विचारलं.

"खरी! फोनवर जे भांडायचो, ते हे जसंच्या तसं लिहून आणायचे. पहिल्या टेकला मला रडू यायचं. चौथ्या टेकला आमचं आम्हालाच हसू यायचं."

आम्ही ताटं हातात घेऊन ज्यावर खो-खो हसलो, ते हे होतं?

कसंबसं सेटिंग संपवलं आणि काकांच्या कानात मशीन बसवलं. ते दचकले. आधी पंख्याकडे बघितलं, मग काकूंकडे.

"बोल काहीतरी."

"कान धड होते तेव्हा पुष्कळ बोलले," काकू म्हणाल्या.

काका बघतच राहिले. मग असे हसले, की डोळ्यांतून पाणी आलं. "अगं, हे वाक्य लिहायचं राहूनच गेलं की!"

निघताना काकू एकट्याच रिक्षात बसल्या, विश्रांतवाडीला जायला. म्हणजे अजूनही वेगळेच राहतात... मला उगाचच वाईट वाटलं.

माझा चेहरा बघून ताई म्हणाल्या, "बाबांना ऐकू येत नाही हे मला कळलंच नव्हतं. आईनेच ओळखलं. फोनवर ती टोमणा मारायची आणि बाबा उलट उत्तरच द्यायचे नाहीत... घाबरून तिने मला फोन केला."

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. मी अजून त्या धक्क्यातच आहे.

एका लहान मुलीला टेबलाखालून बाहेर काढायला दोन माणसांनी ते घर इतकी वर्षं उभं ठेवलं... आणि आमच्यासारख्या कितीतरी घरांना त्यात फुकट बसू दिलं. त्या तिघांना मनापासून नमस्कार.