केरबा शिंप्याचं रेमनंट

पडदा वर जातो तेव्हा कुंडलच्या पेठेतलं एक दुकान दिसतं. साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मधोमध पायडलचं मशीन, मशीनमागे गळ्यात टेप आणि कानावर खडू घेऊन बसलेला केरबा पोरे शिंपी. दारात उन्हाची तिरीप. आणि मंडळी, नीट बघा, जमिनीवर चिंधीचा एक कपटासुद्धा नाही! शिंप्याचं दुकान आणि चिंधी नाही, म्हणजे हलवायाचं दुकान आणि माशी नाही.

याचं कारण एक इंग्रजी शब्द होता. केरबा पंधरा वर्षं बेळगावला पलटणीच्या शिलाईखात्यात होता. तिथं कापून उरलेला प्रत्येक तुकडा मोजून स्टोअरला परत द्यावा लागे, आणि त्या तुकड्याला साहेब ‘रेमनंट’ म्हणत. केरबा पेन्शनीत निघाला तेव्हा त्यानं बरोबर आणला एक कंबल, एक पत्र्याचा मग आणि हा शब्द. कंबल पुढं विरलं, मग चेपला, शब्द मात्र दिवसागणिक तकतकीत होत गेला.

“चिंधी आनि रेमनंट एकच की रं!” कुणी म्हणालं, की केरबा मशीन थांबवी.

“एक कसं? चिंधी म्हंजे टाकायची. रेमनंट म्हंजे ज्याचं त्याला द्यायचं. कापड त्येच, नजर येगळी.”

आणि तो देई. बाकीच्या गावांत शिंप्याकडं कापड गेलं की उरलेलं त्याचंच, हा अलिखित कायदा. केरबा मात्र सदऱ्याचं उरलेलं सदऱ्याच्या खिशात घालून देई. चोळीला खिसा नसतो म्हणून तिचा तुकडा दोऱ्यानं गुंडाळून वर ठेवी. बायका त्या तुकड्यांच्या वाकळी शिवत, आणि बारा वर्षांत गावातल्या वाकळी इतक्या जाड झाल्या, की थंडीत माणसं आत सापडत नसत. खुद्द केरबाला मशीनचं तेल पुसायला फडकं मिळेना. तो धोतराचा सोगा वापरी, आणि त्याची बायको अंबूबाई तो धुताना जी भाषा वापरी ती पलटणीतसुद्धा चालली नसती.

शब्द कापडापुरता राहिला नाही, हे सांगायला हवंच. दुरडीत उरलेली चतकोर भाकरी रेमनंट झाली. विट्याच्या एसटीतून शेवटी उतरणारा माणूस रेमनंट झाला. केरबाच्या टाळूमागचे चार केसही रेमनंटच. एकदा अंबूबाईनं कमरेवर हात ठेवून विचारलं, “आनि मी कोन वो, रेमनंट?”

“तू?” केरबा म्हणाला. “तू कापडाचं आख्खं ठाण.”

त्या दिवशी त्याला चहात दुप्पट साखर मिळाली.

आता खरा प्रवेश. गावची जत्रा आली. दुपार कुस्त्यांची, रात्र तमाशाची, म्हणून गावच्या हौशी नाटकाच्या वाट्याला सकाळ आली. राजाच्या भूमिकेवरून आधीच रामायण झालेलं. बागायतदार नानासोंना राजा व्हायचं होतं. पण पंचांनी राजा केला रामगोंडाला, कारण सहा फूट उंची, पहाडी आवाज आणि जन्मात कधी न घाबरलेलं तोंड. नानासोंनी चावडीवर जाहीर केलं, “आमच्या घरातनं या नाटकाला दोरासुद्धा मिळनार न्हाई!”

आदल्या दिवशी दुपारी सांगलीहून ड्रेसची ट्रंक आली. रामगोंडानं झाकण उघडलं. आत हात घातला आणि एक शेपूट बाहेर काढलं. मग दुसरं. मग तिसरं. दुसऱ्याच कुठल्या गावची ट्रंक इकडं आली होती. सात शेपट्या, सात वानरांचे मुखवटे, आणि राजाच्या अंगावर घालायला काही नाही.

“केरबा,” रामगोंडा शेपूट हातात घेऊनच दुकानात आला, “उद्या सकाळपातूर मला राजा करायचा. तुझ्या चिंध्यांचं पोतं काढ.”

“पोतं न्हाई.”

“आरं, शिंपी हाईस न्हवं तू?”

“रेमनंट सगळी घरोघरी हायती.”

“मंग काय मी शेपूट लावून गादीवर बसू?”

केरबानं टेप काढली आणि रामगोंडाची छाती मोजली. टेप दोनदा लावावी लागली. मग ज्यानं बारा वर्षं कुणाकडून सुतळीचा तुकडा मागितला नव्हता, तो केरबा दारोदार निघाला. “रेमनंट असलं तर द्या. उद्याला परत.” बायकांनी वाकळीसाठी राखलेली गाठोडी सोडली. लाल, पिवळं, फुलाफुलांचं, रेघारेघांचं. केरबा प्रत्येक तुकड्याच्या उलट्या अंगाला खडूनं नाव लिहून घेई: बनुबाई, राजमती, गुणमाला.

राजमतीच्या परसात नानासोंच्या बायकोनं, मनुबाईनं, त्याला गाठलं. पदराखालून करड्या चौकड्याचं टेरीवूल काढलं. नानासोंच्या लग्नाकार्याच्या कोटाचं उरलेलं, हातभर.

“राजाच्या छातीला हेच शोभंल. पन मालकांच्या कानावर जाऊ देऊ नका. मला शब्द द्या.”

“दिला, वयनी,” केरबा म्हणाला, आणि त्या तुकड्यामागेही त्यानं सवयीनं नाव लिहिलं.

केरबानं रात्रभर जागून त्या तुकड्यांचा अंगरखा शिवला आणि सकाळी नाटक उभं राहिलं. रात्र असती, गॅसबत्ती असती, तर सगळं खपून गेलं असतं. पण लख्ख ऊन! राजा आला, अंगरखा झळाळला, आणि बायकांच्या बाजूनं खसखस पिकली.

“अगं, माझी चोळी बघ राजाच्या खांद्यावर!”

“आनि पाठीला आमच्या म्हाताऱ्याची पैरण!”

राजा गर्जला, “प्रधानजी! राज्यात सर्वांची खुशाली आहे ना?”

“हाय, हाय!” प्रेक्षकांतून आवाज आला. “सगळीच तुज्या अंगावर हाईत!”

हशा ओसरेपर्यंत पुढच्या रांगेतले नानासो उठले. डोळे राजाच्या छातीवर.

“थांबवा नाटक! केरबा! इकडं ये. हे माझ्या कोटाचं कापड. बारा वर्सं रेमनंट रेमनंट करून गावाला शानपन शिकवतोस, आनि माझं कापड दाबून ठिवलंस?”

केरबा पडद्याच्या दोरीपाशी उभा होता. अंगरखा उलटा केला असता, तर छातीमागचं नाव साऱ्या गावानं वाचलं असतं आणि केरबा सुटला असता. पण ते नाव मनुबाईचं होतं. त्यानं बायकांच्या बाजूला पाहिलंसुद्धा नाही. अंबूबाई मात्र त्याच्याकडेच बघत होती.

“चुकलं माझं, नानासो,” तो म्हणाला. “तेवढं एक माझ्याकडं ऱ्हायलं हुतं.”

बारा वर्षांचं नाव एका वाक्यात गेलं. “शेवटी शिंपीच की!” मागून कुणी बोललं.

तेवढ्यात बायकांतून मनुबाई उभी राहिली. पदर सावरला. आवाज असा, की रामगोंडानंही शिकावा.

“खोटं बोलतोय त्यो. मी दिलंय.”

“तू?” नानासो वळले. “मी चावडीवर काय बोललो हुतो?”

“आवं, दोरा देनार न्हाई म्हनलासा. मी दोरा कुठं दिलाय? कापड दिलंय.” मग पुढं म्हणाली, “आनि तुमचा जुना फेटा बी दिलाय. त्यो प्रधानाच्या डोक्यावर हाय.”

प्रधानानं घाईनं डोक्याला हात लावला. मांडव असा हसला, की दोन खांब हलले. नानासोंचं तोंड आधी लाल, मग पांढरं झालं. राजमतीच्या धाकट्या सुनेला हसता हसता उचकी लागली. शेवटी नानासोंनी मिशीवरून हात फिरवला, खाली बसले आणि राजावर ओरडले, “रामगोंडा, ताठ हुबा ऱ्हा! माझ्या कोटाला चुन्या पडाय लागल्यात!”

नाटक पुढं चाललं. राजानं दोन वाक्यं गाळली, कुणाला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी केरबानं अंगरखा शिवण शिवण उसवला. रामगोंडा शेजारी बसून होता. “एवढा चांगला राजा हुता,” म्हणून सुस्कारे सोडत होता. खडूची नावं वाचून सगळे तुकडे दुपारपर्यंत घरोघरी पोचले. करड्या चौकड्याचा राहिला. तो न्यायला नानासो स्वतः आले. उभ्यानं, मान फिरवून म्हणाले, “ठेव तुला. बक्षीस.”

“मला नगं. तुमचं हाय.”

“मंग काय करू त्याचं? घरात बायको बोलत न्हाई माझ्याशी.”

केरबानं तुकडा उजेडात धरला, उलटसुलट केला, गळ्यातली टेप काढली आणि नानासोंच्या डोक्याभोवती फिरवली.

“टोपी हुईल. पन आधी राग सोडा, मालक. रागात डोकं फुगलेलं असतं, राग उतरला की टोपी ढिली हुती.”