व्हायवासरांनी मागितलेली मतं

आमच्या व्हायवासरांनी कुणाला कधी 'काय, बरं आहे ना?' असं विचारलेलं मी ऐकलं नाही. माणूस समोर आला की कापडी पिशवीतून एखादी डहाळी काढायची, त्याच्या नाकासमोर धरायची आणि म्हणायचं, "हे काय आहे, सांगा." विद्यार्थी, शिपाई, प्राचार्य, लग्नाला आलेले पाहुणे, कुणाचीच सुटका नसे. कॉलेजात तोंडी परीक्षेला व्हायवा म्हणतात, म्हणून पोरांनी त्यांचं हे नाव पाडलं. ते त्यांना ठाऊक होतं आणि, कमाल म्हणजे, आवडतही होतं.

मी त्यांच्या हाताखाली डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे प्रात्यक्षिकं करून दाखवणारा. उपनगरातलं आमचं कॉलेज तेव्हा नवंकोरं होतं. वनस्पतिशास्त्र विभाग म्हणजे सर, मी आणि काचेच्या बरण्या. त्यांत थंड देशांतल्या झाडांचे तुकडे स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेले, रंग उडून पांढरेफटक पडलेले. अभ्यासक्रमात तीच झाडं होती. पोरं त्यांच्या आकृत्या काढून पास व्हायची आणि खिडकीबाहेरचं झाड त्यांना ओळखता येत नसे. सर रोज चिडायचे. "अहो सावंत, ही पोरं वनस्पती शिकतायत की लोणचं?"

शेवटी ते विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाच्या निवडणुकीला उभे राहिले. काय शिकवायचं ते हे मंडळ ठरवतं, आणि कॉलेजांचे विभागप्रमुख आपल्यातलाच एकजण त्यावर निवडून देत. सरांना अभ्यासक्रमात एवढंच घालायचं होतं की मुलांना खाडीवर आणि रानात नेणं सक्तीचं. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते. आता नाही तर कधीच नाही.

मी त्यांना बजावलं, "सर, चहा प्यायचा, तब्येत विचारायची, मत मागायचं आणि उठायचं. पिशवी घरी ठेवा." "ठेवतो," म्हणाले. आणि पहिल्याच रविवारी मला विक्रोळीच्या खाडीत उतरवलं, तिवराच्या, म्हणजे खाडीतल्या खारफुटीच्या, डहाळ्या आणायला. माझी नवी पँट गुडघ्यापर्यंत काळी झाली. त्याच अवतारात आम्ही मुलुंडला कर्णिकांच्या घरी पोचलो. कर्णिक तिकडच्या कॉलेजात विभागप्रमुख, मानी माणूस. त्यांच्या सुनेनं पोहे दिले. सरांनी ते भराभर संपवले आणि पिशवीत हात घातला. मी डोळे मिटून घेतले.

"हे काय आहे, सांगा."

कर्णिक हसले. डहाळी उलटसुलट करून म्हणाले, "पानं जाड आहेत."

"ते दिसतंय. चाटून बघा."

दारात सून उभी. कर्णिकांचे कान लाल झाले, पण बिचाऱ्यांनी पान चाटलं.

"खारट आहे?"

"आहे."

"का?"

कर्णिक पुन्हा पान उलटून बघू लागले. सर म्हणाले, "खाडी तुमच्या अंगणात आहे म्हणा की, आणि तुम्हाला माहीत नाही?"

जिना उतरताना मी म्हटलं, "सर, मत मागायचं राहिलं."

"अरे हो," ते म्हणाले. "पण माणूस चांगला आहे. चाटलं त्यानं."

मग घाटकोपरच्या विभागप्रमुखांनी डहाळी हातातच घेतली नाही. बोरिवलीच्यांनी मात्र नाव अचूक सांगितलं. चला, एक मत तरी पदरात पडलं, असं मला वाटतंय तोवर सरांनी पिशवीतून आरे कॉलनीतलं गवत काढलं. ते त्यांना आलं नाही. मत मागायला गेलेला हा माणूस प्रत्येक दारातून मतदाराला नापास करून परत यायचा.

त्यांच्याविरुद्ध शहरातले एक कोटवाले प्राध्यापक उभे होते. ते घरोघरी जाऊन भज्यांची तारीफ करायचे, मुलांच्या शाळा विचारायचे. अभ्यासक्रमाचं नावही काढत नसत. हे मी सरांना सांगितलं, तर म्हणाले, "मग कुणाला काय येतं हे त्याला कळणार कसं?" मी कपाळावर हात मारला.

निकाल लागला. सपशेल पडले. प्रयोगशाळेत येऊन सर बरण्या पुसत बसले आणि म्हणाले, "सावंत, मी नापास झालो." माझा संयम सुटला. "तुम्ही कुठले नापास होताय, सर? तुम्ही सगळ्यांना नापास केलंत." ते बरण्या पुसत राहिले. त्या दिवशी त्यांनी कुणालाच काही विचारलं नाही. मला ते फार लागलं.

सर निवृत्त झाले. अभ्यासक्रमात काही बदललं नव्हतं, तरी पुढच्या हिवाळ्यात मी पोरांना विक्रोळीला घेऊन गेलो. पाहतो तर चिखलात पँट दुमडून कर्णिक उभे, आणि त्यांचे विद्यार्थी पानं चाटतायत. मला बघून ओशाळले. "मत नव्हतं हो दिलं मी त्यांना. सुनेसमोर व्हायवा घेतली माझी, राग आला. पण सांगा त्यांना, झाड अंगातलं मीठ पानातून बाहेर टाकतं. आता मला माहीत आहे."

मी तसाच अंधेरीला सरांच्या घरी गेलो. ते अंथरुणाला खिळले होते, आवाज खोल गेला होता. मी सगळं सांगितलं. वाटलं, ऐकून डोळ्यांत पाणी येईल, माझा हात धरतील. सरांनी विचारलं, "झाडाचं नाव सांगितलं त्यांनी?"

ते मी विचारलंच नव्हतं.

"मग अर्धेच गुण," म्हणाले आणि कुशीवर वळले.

असा संताप आला मला. तरी दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं मुलुंडला गेलो. कर्णिकांनी नाव सांगितलं, मराठी आणि शास्त्रीय, दोन्ही बरोबर. तिथून थेट अंधेरी गाठली, तर सरांच्या दाराबाहेर चपलाच चपला. सर सकाळीच गेले होते.

कर्णिकांचे उरलेले अर्धे गुण अजून माझ्याकडेच आहेत.