बिनगाठीचा नांगर

माझा आवाज मोठा आहे. आता तो ऐकून नातवंडं कानांवर हात ठेवतात, पण संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत या आवाजाला भाव होता. ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीतून मोर्चा निघाला की घोषणा द्यायला मलाच पुढे ढकलत. विशीतलं वय, त्यात लोकांनी डोक्यावर घेतलेलं, म्हणजे काय विचारता! त्याच काळातल्या एका उन्हाळी दिवसाची मला आजही लाज वाटते आणि ती लाज या आवाजापाशीच येऊन थांबते.

आमचा एक मित्र वरळीच्या कोळीवाड्यातला होता. एका मोर्च्यात लाठीमार झाला तेव्हा त्यानं मला दंडाला धरून गर्दीतून बाहेर काढलं होतं, तेव्हापासूनची दोस्ती. त्याच्या वडिलांची मासेमारीची होडी होती. येत्या नारळी पुनवेपासून ती त्याच्या हाती द्यायची, त्यालाच तांडेल करायचं, असं घरात ठरत आलं होतं. तांडेल झाला की होडीवर त्याचाच शब्द चालणार. बिचारा दुसरं काही बोलायचाच नाही. आम्ही तर त्याला आधीपासूनच तांडेलसाहेब म्हणू लागलो होतो.

मे महिन्यातल्या एका रविवारी वडिलांनी पहिल्यांदाच होडी त्याच्या एकट्याच्या भरवशावर दिली. बरोबर मी आणि आमच्या वाडीतले दोघे. कैऱ्या, तिखटमीठ, डबाभर चिवडा, एक भलंमोठं कलिंगड आणि पत्त्यांचा जोड घेऊन आम्ही निघालो. शिडात वारा भरला. रविवार असल्यामुळे गिरण्यांच्या चिमण्यांतून धूर नव्हता, दादरच्या किनाऱ्यावरची माडांची रांग स्पष्ट दिसत होती. इतकी निवांत मुंबई मी त्याआधी पाहिली नव्हती.

अर्ध्या तासात मला बोट लागली. काठावरून वाकून मी सकाळचा चहा समुद्राला अर्पण केला. मग काय, तिघांना आयताच विषय मिळाला.

"मुंबई तुझी आसंल रे," मित्र सुकाणूवरून ओरडला, "पन समुद्र काय तुझा नाय!"

सगळे खो खो हसले. मीही हसलो, पण मनातून चांगलाच चिडलो होतो. आता काहीतरी मर्दुमकी दाखवल्याशिवाय परत जायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

दुपारी माहीमच्या बाजूला त्यानं शीड उतरवलं. इथं नांगर टाकू, जेवू, पोहू, म्हणाला. मी टुणकन उठलो. "मी टाकतो!"

"टाक. पन आदी दोराचं मागचं टोक खुंट्याला बांद."

"बांधलंय रे!" मी म्हटलं. मी तिकडं बघितलंही नव्हतं.

नांगर नवा होता, गेल्या पुनवेला पूजा करून घेतलेला. कडीपाशी कुंकवाचा पुसट डाग अजून होता. तो मी दोन्ही हातांनी उचलला आणि पोटातून आवाज काढला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" तिघे ओरडले आणि मी नांगर सोडला.

दोर सळसळत जाऊ लागला. आम्हाला इतका चेव आला होता की मी लगेच दुसऱ्यांदा घोषणा दिली. त्या दुसऱ्या "झालाच पाहिजे"च्या मध्येच दोराचं शेवटचं टोक काठावरून उडालं आणि पाण्यात गेलं.

मित्रानं शर्टासकट उडी मारली. पाच-सहा वेळा बुडी मारून तो वर आला, हाताला नुसता चिखल. तोवर नांगराविना होडी वाहत चालली होती आणि आम्हा तिघांना वल्हं कसं धरायचं तेही कळत नव्हतं. शेवटी तोच पोहत आला आणि धापा टाकत होडीवर चढला. नेमकी जागा कुठली होती, हे आता त्यालाही सांगता येत नव्हतं.

परतताना मी म्हटलं, "मी सांगतो तुझ्या बाबांना."

"नको, पावना हायेस तू. मी बगतो," तो म्हणाला. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

त्याच्या घरी आईनं आमच्यासाठी पापलेट तळून ठेवलं होतं. पानात सगळ्यात मोठा तुकडा मला. वडील दारात बसून जाळं सांधत होते. नांगर गेल्याचं मित्रानं सांगितलं तेव्हा त्यांचा हात थांबला.

"कोनी टाकला?"

"मी," मित्र म्हणाला.

"गाठ?"

"रायली."

वडील ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "गाठ इसरनाऱ्याच्या हाती होरी कशी देऊ? पुनवेला तुझा चुलतभाव तांडेल व्हईल."

मित्रानं माझ्याकडे बघितलं. फक्त एकदाच. माझ्या तोंडात घास होता. बोलायला लागू नये म्हणून मी तो चावत राहिलो, त्यात चावण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी चावत राहिलो. वडील जाळ्याकडे वळले. मग मी घास गिळला आणि आईनं वाढलेला दुसरा तुकडाही खाल्ला.

पुढच्या रविवारी जाऊन सांगू, असं मी स्वतःला बजावलं. मग त्याच्या पुढच्या रविवारी. पुनवेला चुलतभाऊ तांडेल झाला. मित्र काही महिने त्याच्या हाताखाली जात राहिला, मग परळच्या एका गिरणीत लागला. त्याचे वडील महाराष्ट्र होण्याच्या आदल्या वर्षी गेले, आपल्या मुलानंच नांगर घालवला असं समजून.

महाराष्ट्र झाला त्याच्या आदल्या संध्याकाळी दादरला रोषणाई बघायला लोटलेल्या गर्दीत तो मला भेटला. पाळी संपवून तसाच आला होता, केसांत कापसाची तुसं. त्यानं मला मिठी मारली, मग आजूबाजूच्यांना सांगितलं, "ह्याचा आवाज ऐका! दे रे घोषणा."

नांगर मी टाकला, हे तीन शब्द तेव्हा तरी सर्वांसमक्ष म्हणता आले असते. तो माझ्या खांद्याला खांदा लावून उभा होता.

मी पोटातून आवाज काढला आणि महाराष्ट्राचा जयजयकार केला. त्यानं सगळ्यांत मोठ्यानं साथ दिली.