क्लबचा एकुलता एक कोट

आम्ही चार जुने मेंबर एकत्र बसलो की क्लबचे किस्से सुरू होतात. एकाने एक सांगितला की दुसऱ्याला दोन आठवतात, आणि चहा गार होतो. नव्वदच्या दशकात मी तिथं पाच वर्षं सेक्रेटरी होतो. मानद! म्हणजे फुकट शिव्या खायला.

क्लब खाडीकाठचा. मिठागरांवर देखरेख करणाऱ्या गोऱ्या साहेबांनी बांधलेला. साहेब गेले, भोवती नवी मुंबई उभी राहिली, पण डायनिंग हॉलचा नियम काही हलला नाही. रविवारच्या लंचला कोटाशिवाय प्रवेश नाही. मे महिन्यातसुद्धा! ज्याच्याकडे नसेल त्याच्यासाठी दाराशी खुंटीवर क्लबचा एक कोट. करडा, ढगळ. तो सांभाळायचे आमचे बेअरर मुकादमचाचा. पस्तीस वर्षं नोकरी झालेली. त्यांची इच्छा एकच, ती त्यांनी मला कितीदा तरी बोलून दाखवलेली. "साहेब, रिटायर होईन त्या दिवशी आत टेबलावर बसून सूप पिनार. एकदा तरी आमाला कोनी वाढलं पायजे."

*

एका रविवारी वाशीचे दोन साडू बिनकोटाचे आले. कोट एक! तोडगा चाचांनी काढला. थोरल्याने आत जाऊन सूप आणि मटण संपवलं, बाहेर येऊन कोट उतरवला. धाकट्याने तो चढवून त्याच खुर्चीवर पुडिंग खाल्लं.

धाकटा अजूनही थोरल्याशी बोलत नाही.

*

बोनकोड्याचे पाटील पाहुणे म्हणून आले ते कडक इस्त्रीच्या शर्टात आणि लुंगीत. मी म्हटलं, "पाटील, कोट लागतो हो." त्यांनी लुंगीवर कोट चढवला आणि निघाले आत! आमचे प्रेसिडेंट गुप्तेसाहेब ताडकन उठले. "हे काय?"

पाटलांनी शांतपणे नियमांचं पुस्तक मागवलं. "वाचा. कोट लिवलाय. पँट कुठं लिवली हाय?"

खरंच लिहिली नव्हती! गुप्तेसाहेबांनी पुस्तक दोनदा चाळलं आणि खाली बसले. पाटील मात्र सूप दोनदा मागवून जेवले.

*

पावणे गावात वर्कशॉप असलेले आमचे कुलकर्णी एकदा म्हणाले, "मी चार नवे कोट शिवून देतो, टेन्शनच नको." त्यावर कमिटीच्या तीन मीटिंगा झाल्या! गुप्तेसाहेब म्हणाले, "चार सारखे कोट खुंटीवर दिसले तर लोक बँडपार्टी समजतील." ठराव नामंजूर.

हात मीही वर केला होता. कुठल्या बाजूने ते विचारू नका.

*

शेवटी मुकादमचाचा रिटायर झाले. निरोपाचं लंच ठरलं, चाचा प्रमुख पाहुणे! मला कोण आनंद झाला. म्हटलं, "चाचा, एक कोट शिवून घ्या." तर म्हणाले, "नको साहेब, तोच घालनार. पस्तीस वर्षं त्याला ब्रश मारला, एक दिवस अंगावर नको?"

त्या दिवशी सकाळपासून त्यांनी कोट झटकला, सैल बटण घट्ट केलं. एक वाजता कोट हातावर घेतला, आता घालणार, तेवढ्यात गुप्तेसाहेबांची गाडी आली. साहेब खांदेश्वरला लेकीकडे गेले होते, तिथून थेट आले. बिनकोटाचे!

साहेबांनी दाराशी येऊन चाचांकडे पाठ केली आणि दोन्ही हात मागे केले. चाचांनी त्यांना कोट चढवला, कॉलर नीट केली, "या साहेब" म्हणत दार उघडलं. पस्तीस वर्षांची सवय! दोघांच्याही काही ध्यानात आलं नाही. साहेब आत गेले. मग चाचांनी आपल्या रिकाम्या हातांकडे बघितलं.

आत भाषण सुरू झालं. गुप्तेसाहेब म्हणाले, "मुकादम म्हणजे शिस्त!" टाळ्या पडल्या. सूप आलं. प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीपुढेही एक प्लेट ठेवली गेली.

खुर्ची रिकामी बघून मी बाहेर धावलो. लाज वाटली हो, फार लाज वाटली. "चाचा, चला आत! खड्ड्यात गेला तो नियम!"

चाचा खुंटीपाशी उभे होते.

"नको साहेब, तुमी जेवून घ्या," ते म्हणाले. "कोट परत टांगल्याबिगर माजी ड्युटी संपत नाय."